मॅकरोनी आणि पोचा आलेला ट्रे

जुबेदाआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, अल क्वोजच्या आमच्या गोदामात एका ड्रायव्हरवर तोंडसुख घेत होते. चीजचे खोके उन्हात उतरवून हा बाबा चहा प्यायला गेला होता. फोन फुजैराहून, दाऊदभाईंचा. दाऊदभाई म्हणजे आपाचे यजमान. मी म्हटलं, "भाई, दोन मिनिटांत करते मी." तर पलीकडून ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "वर्षा, आपा गेली... आज दुपारी असरच्या नमाजेनंतर मय्यत उचलणार. जमलं तर ये. नाही जमलं तरी हरकत नाही." या माणसाने आयुष्यभर कुणाला आग्रह केला नाही, बायको गेली त्या दिवशीही केला नाही. मी ड्रायव्हरला तसाच उभा टाकून गाडी काढली. डोंगरातून फुजैराकडे जाताना रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग. हिला साखरेचा आजार होता, पथ्य म्हणून कधी पाळलं नाही. पाय कापावा लागेल असं डॉक्टर म्हणाला तर ही त्यालाच म्हणाली, "पहिला तुझा काप, मग बघते कसा दिसतो." आणि आता खुशाल गेली. मी स्टिअरिंगवर हात आपटत होते आणि तिला शिव्या देत होते.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकबाई म्हणाल्या, तुमच्या आपांविषयी लिहा, जरा हृद्य लिहा. गेलेल्या माणसाला प्रेमळ, मनमिळाऊ आणि सदा हसतमुख करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. आपा यातलं काही नव्हती. आपा मारकुटी होती. फुजैराच्या सुपरमार्केटमध्ये एका माणसाने मागून हात लावला तेव्हा तिने हातातली गोठवलेली कोंबडी त्याच्या तोंडावर हाणली, मग ती कोंबडी परत फ्रीजरमध्ये ठेवली आणि स्वतःसाठी दुसरी घेतली. "त्या मेल्याच्या तोंडाला लागलेली कोण खाणार?" इमारतीच्या लिफ्टमध्ये एक बाप पोराचा कान पिरगाळत होता, तर हिने त्या बापाचा कान धरून त्याला चौथ्या मजल्यापर्यंत तसाच नेला. तिच्या हाताचा मार मीही खाल्ला आहे. त्याबद्दल पुढे सांगेन.

ती दापोलीच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या एका गावातली. तिच्या डाव्या हाताचं मनगट वाकडं होतं. वर्षानुवर्षं मला वाटायचं की ते जन्मापासून तसं असेल. एकदा चीज किसता किसता तिने सहज सांगितलं, की पहिल्या नवऱ्याने मोडलं आणि ते वाकडंच जुळलं. "मग?" मी विचारलं. "मग काय, मी वरवंटा घातला त्याच्या डोक्यात. मेला नाय. नशीब त्याचं." त्यानंतर ती माहेरी परत आली, आणि बऱ्याच वर्षांनी आखातात नोकरी करणाऱ्या दाऊदभाईंनी तिला सगळं माहीत असून मागणी घातली. ते बंदरावर तेलाच्या बार्जवर कामाला होते. माझा नवरा तिथल्याच एका टर्मिनलवर. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, जागा फुकट जाईल. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, आपा दुसऱ्यावर, आणि दोन्ही स्वयंपाकघरांमध्ये भांड्यांची ये-जा चालू असायची.

ही ये-जा कशी असते ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण तळ दिसू द्यायचा नाही. माझी आई हे करायची, आपाची आईही करायची, त्यामुळे आमचं याबाबत कधी बोलणंसुद्धा झालं नाही. तिच्याकडून खीमा, सांदणं, ईदचा शीरखुर्मा यायचा. माझ्याकडून थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, संक्रांतीचे लाडू. आणि हे सगळं बायकांच्या नाहीतर पोरांच्या हातून. पुरुषांना या व्यवहाराचा पत्ताही नसायचा. भांडी आपोआप भरतात आणि आपोआप फिरतात, अशी त्यांची समजूत.

या भांड्यांमधलं सर्वांत मोठं म्हणजे आपाचा ॲल्युमिनियमचा ट्रे. चांगला जाड, दोन्ही बाजूंना कान असलेला. त्यात ती मॅकरोनी आणि चीज भाजायची. आमची अन्वी शाळेतून आली की वर घरी न येता आधी आपाकडे शिरायची. मी वरण-भात, पोळी-भाजी करून बसलेली, आणि ही दारातूनच सांगायची, "मम्मा, आय ॲम फुल. आपा'ज मॅक अँड चीज." मला राग यायचा, पण खाऊन बघितल्यावर मीही चूप झाले. आपा मैदा लोण्यात परतायची, दूध ओतायची, आणि त्यात गुठळी दिसली की तिला अक्षरशः बडवायची. मग दोन जातींचं चीज, मोहरीची पूड, बारीक हिरवी मिरची, तळलेला कांदा, आणि वर गावाकडून आलेल्या कडक टोस्टचा चुरा. चीजशी तिची ओळख लहानपणची. तिचे मामा आखातातून सुट्टीवर येताना डब्यातलं चीज आणायचे. पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा घरच्यांना तो साबण वाटला आणि हिच्या आजीने त्याने हात धुऊन बघितले. फेस येईना, तेव्हा मामांना बोलावणं गेलं.

अन्वीच्या वर्गात हा पदार्थ कुणाचा यावरून रोज जुंपायची. इजिप्तच्या मुलाच्या डब्यात खिमा घातलेली मॅकरोनी-बेशामेल, फिलिपिन्सच्या मुलीच्या डब्यात तिची थोडी गोडसर बहीण, आणि इंग्लंडचा मुलगा म्हणे हे आमचंच, तुम्ही चोरलंत. आज मी ज्या गोदामात काम करते तिथून मॅकरोनीचे खोके शाळांना जातात, हॉटेलांना जातात, पार रुवैसच्या रिफायनरीच्या कँटीनपर्यंत जातात. रमजानच्या आधी तर आम्हाला ठेवायला जागा पुरत नाही. पण त्या काळी मला फक्त एवढंच कळत होतं, की माझी मुलगी एका परक्या पदार्थासाठी मारामारी करून येते आणि तो परका पदार्थ तिला दापोलीची बाई खाऊ घालते.

मग शाळेत 'माय फॅमिली डिश' नावाचा कार्यक्रम ठरला. घरातला एक पदार्थ न्यायचा आणि त्याचा इतिहास पोस्टरवर लिहायचा. अन्वीने कुणाला न विचारता मॅक अँड चीज निवडलं. आपाच्या स्वयंपाकघरात बसून ती टॅबवर वाचायची आणि आपा चीज किसता किसता ऐकायची. वाळवलेल्या पिठाच्या शेवया अरबांबरोबर सिसिलीत पोचल्या असं म्हणतात, हे ऐकल्यावर आपा खूश. "म्हणजे आपल्या शीरखुर्म्याच्या शेवयांची चुलत बहीण!" इटलीच्या जुन्या हस्तलिखितांमध्ये उकडलेलं पीठ आणि चीज थरावर थर रचायची कृती आहे. तिथून हा पदार्थ फ्रान्समध्ये गेला, इंग्लंडमध्ये गेला, आणि समुद्र ओलांडून अमेरिकेत. तिथे आधी तो बड्या घरच्या मेजवान्यांमध्ये मिरवला, आणि त्या घरांच्या चुलीपाशी राबणारे कितीतरी हात गुलामांचे होते. पुढे कारखाने आले, चीजची पूड झाली, पूड खोक्यात बसली. मंदी आली, महायुद्ध आलं, मांस रेशनवर गेलं, तेव्हा त्या स्वस्त खोक्यावर घरंच्या घरं जेवली. आपाचा किसणीवरचा हात गुलामांपाशीच थांबला होता.

"रांधणाऱ्यांना मालक मारत असतील?"

"आपा, दॅट्स नॉट इन माय प्रोजेक्ट."

"मग घाल. बेड्या घालून कोणी रांधलान, आणि नाव झाला मालकाचा. लिव."

अन्वीने खरंच एक ओळ लिहिली. पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात, लाल स्केचपेनने.

कार्यक्रमाला अजून काही दिवस होते. एका संध्याकाळी रंगीत तालीम म्हणून आपाने ट्रे भरून वर पाठवला. टोस्टचा चुरा वर अजून तडतडत होता. मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, शेजारी पोस्टर होतं. नवरा कामावरून आला तोच धुमसत. साहेबाने चारचौघांत झापलं होतं म्हणे. त्याने पोस्टर वाचलं. 'माय फॅमिली डिश, मेड बाय माय आपा.' दोनदा वाचलं असावं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "फॅमिली? ही बाई तुझी फॅमिली? आपल्या घरात पुरणपोळी होत नाही? लोकांपुढे हे घेऊन जाणार?" मी डोळ्यांनी अन्वीला खुणावत होते, गप्प राहा. पण तिच्यात आपाचं मीठ होतं. ती म्हणाली, "बिकॉज इट इज, बाबा. शी इज."

त्याने ट्रे तिच्या अंगावर ढकलला. मी हात मध्ये घातला म्हणून तिचा चेहरा वाचला. वितळलेलं चीज पाण्यासारखं ओघळून जात नाही, ते चिकटून बसतं आणि बसल्या जागी भाजत राहतं. मी ते ओढून काढलं तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत कातडीही निघून आली. मी ओरडले म्हणून त्याने तोंडावर ठोसा मारला. ओठ दातांत फाटला. पोरगी त्याच्या पाठीवर धावून गेली तर तिला दंडाला धरून भिंतीवर भिरकावलं. मग माझे केस धरून दोघींना बेडरूममध्ये लोटलं, फोन काढून घेतला आणि बाहेरून कुलूप लावलं. हे काही पहिल्यांदा होत नव्हतं, फक्त मुलीवर हात पहिल्यांदा पडला होता. मी तिला न्हाणीघरात नेऊन नळाखाली हात धरून बसले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातला नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो भांडं घासत होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

त्याचा हिशेब सरळ होता. आपा ट्रे मागायला वर येणार, मला बघणार. म्हणून त्याने जमिनीवरचा ट्रे उचलला, रक्त आणि चीज खरवडून काढलं, घासला, पुसला, आणि स्वतः खाली जाऊन आपाच्या दाराशी ठेवून आला. आपण किती सभ्य आहोत असंही त्याला वाटलं असेल. घरातली भांडी कशी फिरतात हे ज्या माणसाने जन्मात बघितलं नाही, तोच ही चूक करणार.

आपा मगरिबची, दिवेलागणीची नमाज पढून उठली आणि दार उघडलं तर समोर ट्रे. लख्ख. रिकामा. ती नंतर सांगायची, "साखरेचा एक दाणा नाय गो. मी बोट फिरवून बघितला." तिने डोक्यावरची ओढणी घट्ट बांधली आणि ट्रे घेऊन जिना चढून वर आली. बेल वाजली ती मी आतून ऐकली, आणि त्यानंतरचं बोलणंही.

"वर्षा कुठंय?"

"झोपलीय. ट्रे मिळाला ना? छान झालं होतं, थँक्यू."

"रिकामा मिळाला."

"अहो, रिकामाच असणार. खाल्लं ना आम्ही!"

त्यानंतर जो आवाज आला तो मी विसरणार नाही. ट्रेची कड त्याच्या गालफडावर बसली होती. तो धडपडला, पण माणूस अंगाने दांडगा होता. त्याने तिच्या पोटात गुद्दा हाणला आणि तेच वाकडं मनगट धरून पिरगाळलं. तिने त्याच्या हाताचा चावा घेतला आणि सोडला नाही, तो तिला भिंतीवर आपटत राहिला तरी सोडला नाही. मग सुटलेल्या उजव्या हाताने ट्रे पुन्हा घातला, या वेळी नाकावर. मी आतून दारावर लाथा मारत होते. कुलूप उघडलं ते दाऊदभाईंनी. लुंगीवर धावत आले होते, आणि नवऱ्याच्या खिशातून किल्ली काढताना "माफ करना भाई" असं म्हणाले होते. मी बाहेर आले तर उंबऱ्यावर रक्त, भिंतीवर वाळलेली मॅकरोनी, आणि आपा त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसलेली. तिच्या तोंडाला लागलेलं रक्त त्याचं होतं. अन्वीने विचारलं, "इज ही डेड?" आपा धापा टाकत म्हणाली, "नाय गो. अजून नाय."

खरी कसोटी त्यानंतर लागली. नाकाला पट्टी बांधून त्याने पोलिसांत तक्रार केली, की शेजारीण घरात घुसून मारून गेली. तक्रार टिकली असती तर आपाला हा देश सोडावा लागला असता, आणि दाऊदभाईंना नोकरी टाकून मागोमाग. मी खरं बोलले तर आमचंही तेच होणार; माझा आणि अन्वीचा व्हिसा नवऱ्याच्याच नावावर होता. आम्ही मायलेकी आपाकडेच होतो; तिथे आमच्या मराठी मंडळातले दोन ज्येष्ठ येऊन मला समजावू लागले. "वहिनी, घरातली गोष्ट आहे. तुम्ही फक्त गप्प राहा. इन्शाल्ला तो तुम्हाला घेऊन जाईल, त्या बाईचं तिचं ती बघेल. खलास." ते गेल्यावर मी सोफ्यावर बसून, फुटक्या ओठांनी, आपाला म्हणाले, "तो रागात असतो तेव्हाच असं करतो. एरवी इतका वाईट नाही."

तिने माझ्या थोबाडीत मारली. सुजलेल्या गालावरच.

"आता मी पण मारला तुला," ती म्हणाली. "मी पण एरवी वाईट नाय. मग राहशील जन्मभर माझा मार खात? बोल ना."

त्या थपडेचा मला तेव्हा भयंकर राग आला आणि आजही पूर्ण गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. समोरच्या तरुण अधिकाऱ्याला हिंदी चांगलं येत होतं. नवरा बाजूच्या खुर्चीवर, पट्टी बांधलेला, अगदी गरीब गाय, आणि त्याच्या मागे मंडळातले ते दोन ज्येष्ठ. अधिकाऱ्याने आपाला विचारलं, "आपने मारा?"

"हाँ, मारा। छोड़ देंगे तो फिर मारूँगी।"

दाऊदभाईंनी डोळे मिटून घेतले. अधिकारी हसला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ये आपकी कौन लगती है?"

"बहन।"

"एक ही बाप?"

"नहीं। लेकिन बहन है, खलास।"

मग त्याने मला विचारलं. मी नवऱ्याकडे बघितलं नाही, मंडळातल्या ज्येष्ठांकडेही नाही. हाताची बाही वर सरकवली आणि फडकं सोडलं. जखमेला फडकं चिकटलं होतं, ते ओढताना पुन्हा रक्त आलं. मी म्हटलं, "पहला हाथ इसने उठाया। बच्ची पर।" अन्वी कोपऱ्यातल्या खुर्चीवर गुंडाळलेलं पोस्टर छातीशी धरून बसली होती. ते तिने का आणलं होतं कुणास ठाऊक. अधिकाऱ्याने माझा हात बघितला, तिच्या दंडावरचे वळ बघितले, आणि नवऱ्याला शांतपणे विचारलं की त्याची आणि माझी, दोन्ही तक्रारी पुढे न्यायच्या का. दुपारच्या आत नवऱ्याने आपल्या सहीने आपाविरुद्धची तक्रार मागे घेतली.

त्यानंतर आम्ही मायलेकी कितीतरी महिने आपाकडे राहिलो. घटस्फोट, नवीन नोकरी, माझ्या स्वतःच्या नावाचा व्हिसा, हे सगळं तिच्याच जेवणाच्या टेबलावर बसून झालं. अन्वी कार्यक्रमाला त्याच ट्रेमधून मॅकरोनी घेऊन गेली. ट्रेच्या एका कोपऱ्याला नाकाएवढा पोचा आला होता. तो ठोकून सरळ करायला आपाने कुणाला हात लावू दिला नाही. तो पदार्थ मुलांना आईच्या कुशीसारखा वाटतो असं जाहिरातीत म्हणतात. मी तो खाते तेव्हा माझा हात आजही हुळहुळतो, आणि तरी मी तो मागून खाते. मला दोन्ही एकदमच आठवतं.

मी पोचले तेव्हा मय्यत उचलून झाली होती. घर बायकांनी भरलं होतं, शेजाऱ्यांनी आणलेल्या भांड्यांनी ओटा भरला होता, आणि तिच्या खाटेकडे मला बघवलं नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, अगदी मोठ्याने, ओट्यावर मुठी आपटत. निघताना दाऊदभाई आतून ट्रे घेऊन आले. "हा तुझा. तिने सांगून ठेवलं होतं." त्यावर वर्तमानपत्र झाकलेलं होतं. गाडीत बसल्यावर मी ते उचललं. त्या घरात तीन दिवस चूल पेटणार नव्हती, म्हणून त्यांनी तळ झाकेल एवढी साखर पसरली होती.

ट्रे आता माझ्या ओव्हनमध्ये असतो. आमच्या वरच्या मजल्यावर सांगलीकडचं एक नवीन जोडपं राहायला आलं आहे. मुलगी गोड आहे, हळू बोलते. अलीकडे वरून आवाज येतात. खुर्ची पडल्याचा, आणि मग एकदम काहीच नाही. मी मॅकरोनी करून ट्रे वर पाठवते. पहिल्या वेळी तो शेंगदाण्याची चटणी घेऊन परत आला, त्यानंतर शिरा घेऊन. काल पुन्हा पाठवला होता.

हा लेख लिहायला बसले आणि बेल वाजली. दारात कुणी नव्हतं. पायपुसण्यावर ट्रे होता, घासूनपुसून लख्ख. मी पोच्यापासून सगळीकडे बोट फिरवलं. साखरेचा एक दाणा नाही. वॉचमन जिन्यात उभा होता, म्हणाला, "मैडम, ऊपरवाले साहब रख के गए।"

संपादकबाई, शेवट जरा हृद्य करा असं तुम्ही म्हणाला होता. तो तुम्हीच करा. मी ट्रे घेऊन वर चालले आहे.